थ्रॅश की मेडनच्या वळणाचं मेटल: पहिला सोलो कुठला धरावा?

गिटारवर पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांचे सोपे, जाड स्वरमेळ) बसल्या, पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून आवाज बुजवणं) जमायला लागलं आणि आता सोलोकडे, म्हणजे गाण्यातल्या गिटारच्या स्वतंत्र तुकड्याकडे वळायचंय. मग थ्रॅश, म्हणजे मेटलचा अतिवेगवान, आक्रमक प्रकार धरावा की आयर्न मेडन या बँडच्या वळणाचं जुनं हेवी मेटल? मी दोन्ही करून पाहिलंय. आधी थ्रॅश, जवळपास दीड वर्षं.

थ्रॅशचं देणं मोठं आहे. उजवा हात तिथेच घडतो. मेटॅलिका बँडच्या जेम्स हेटफिल्डसारखे नुसते डाउनस्ट्रोक (वरून खाली मारलेले फटके) मारत मेट्रोनोम रोज थोडा चढवत नेला की मनगट भरून येतं, पण ताल पक्का होतो. स्लेयर बँडचा १९८६चा ‘रेन इन ब्लड’ हा आल्बम घ्या. दहा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात आणि एकही रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) वाया गेलेला नाही. त्यात गिटारवादक केरी किंग आणि जेफ हॅनमन आळीपाळीने सोलो घेतात, व्हॅमी बार (तारांचा ताण कमीजास्त करणारी दांडी) दाबून स्वर किंचाळत खाली नेतात. गाण्यातल्या संतापाला ते शोभतं. ऐकताना आजही अंगावर काटा येतो.

शिकायला बसलो तेव्हा मात्र माझं बिनसलं. मला सम सापडेना. वेग निम्मा करून तीन आठवडे एकेक स्वर टिपला, बोटं पोचलीही. पण कुठून निघालो आणि कुठे उतरायचं, ते काही कळेना. ड्रम्सनी वळण घेतलं की सोलो संपायचा, एवढंच. गवयाने तान घेतली की समेवर आपली मान आपोआप हलते ना, ती इथे हललीच नाही. गिटार बाजूला ठेवून तोच सोलो आठवायला गेलो तर चार स्वरही ओळीने येईनात. कदाचित माझाच कान तसा असेल, पण हे मला फार खुपलं.

मग मेडनचं १९८३चं ‘द ट्रूपर’ हे गाणं घेतलं. डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ दोन गिटारींवर एकच चाल वरखाली अंतराने वाजवतात, खाली स्टीव्ह हॅरिसचा बास घोड्यासारखा दौडतो. त्यातला पहिला सोलो मी आठवडाभर घोटत होतो. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. एका जागी मी अडखळलो तशी आतूनच म्हणाली, “तसं नाही रे, तिथे वर जातं ते,” आणि गुणगुणून दाखवलं. मेटल तिने कधी आवडीने ऐकलेलं नाही.

सोलो हवेतच कशाला, असंही काही जण म्हणतात. मेटॅलिकाने २००३च्या ‘सेंट अँगर’मध्ये एकही घेतला नाही. मी तो दोनदा ऐकला आणि जवळजवळ प्रत्येक गाण्यात कान उगाच वाट बघत राहिले. २००८च्या आल्बममध्ये त्यांनी सोलो परत आणले, तेव्हा फार बरं वाटलं.

तुमचा कल वेगळा असू शकतो. नुसता रिफच वाजवायचा असेल तर थ्रॅशला तोड नाही. पण पहिला सोलो मला विचाराल तर मेडनचा घ्या, आणि वाजवण्याआधी तोंडाने गाऊन बघा. थ्रॅशकडे परत यायचं झालं तर मेगाडेथ बँडच्या १९९०च्या ‘रस्ट इन पीस’ आल्बममधल्या गिटारवादक मार्टी फ्रीडमनपासून या. वेग थ्रॅशचाच, पण त्याचे सोलो गुणगुणता येतात. मी सध्या तेच घोटतोय.