विकिडेटा क्वेरी सर्व्हिस: फुकट आहे, दमदार आहे, पण आधी थोडं डोकं खाते

एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) येत असेल तर विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड माहितीसाठ्याला प्रश्न विचारायची ही सोय एकदा वापरून बघाच, लॉगिन नाही, पैसे नाहीत, ब्राउजर उघडा आणि लिहायला लागा. भाषा मात्र स्पार्कल (SPARQL), म्हणजे सिलेक्ट-व्हेअर ओळखीचं वाटतं पण टेबलं बिबलं काही नाही, सगळं तीन तुकड्यांत, कुठली गोष्ट, तिचा कुठला गुणधर्म आणि त्याची व्हॅल्यू, वर महाराष्ट्र म्हणजे क्यू ११९१ आणि कोऑर्डिनेट (अक्षांश-रेखांश) म्हणजे पी ६२५, हे नंबर कोण पाठ करणार! तर कंट्रोल-स्पेस दाबून नाव टाइप करा, नंबर आपोआप येतो, ही सोय नसती तर मी कधीच नाद सोडला असता.

महाराष्ट्रातले किल्ले कोऑर्डिनेटसकट मागवा आणि रिझल्टला मॅप व्ह्यू लावा, थेट नकाशावर ठिपके, लय भारी. फक्त लेबल सर्व्हिसमध्ये (नंबराऐवजी नाव दाखवणारी सोय) आधी एमआर म्हणजे मराठी, मग ईएन म्हणजे इंग्रजी टाका, नाहीतर मराठी नाव नसलेल्या किल्ल्याचा नुसता क्यू नंबरच हातात येतो. क्वेरीला ६० सेकंदांची मर्यादा आहे, त्यामुळे अख्ख्या जगातली माणसं मागायला जाऊ नका, लिमिट लावा. रिझल्ट सीएसव्ही (साधी तक्त्याची फाइल) म्हणून डाउनलोड होतो, पुढची डेटाची साफसफाई ओपनरिफाइन या टूलमध्ये करायची, तेही फुकटच.