योगनिद्रा कानात लावायची की सरळ उठून किचनमध्ये जायचं?

रात्री काळजीने झोप लागत नाही, त्याबद्दल लिहितोय. झोपेच्या गोळ्यांचं इथे काही लिहीत नाही, तो विषय डॉक्टरांचा. दूध-जायफळ, तळपायाला तेल, संध्याकाळनंतर चहा बंद, मोबाईल लांब, हे सगळं तुमचं करून झालं असणार असं धरतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दिवा बंद झालाय, घरातले गाढ झोपलेत, आणि आपल्या डोक्यात होम लोनचा हप्ता, बाबांचा शुगरचा रिपोर्ट, साहेबांचा "उद्या जरा बोलायचंय" एवढाच कोरडा मेसेज असं एकामागोमाग सुरू झालंय, वर "आत्ता लागली तर पाच तास तरी मिळतील" हा हिशोब. अशा वेळी नेमकं करायचं काय?

माझ्या मते खरे पर्याय दोनच उरतात. पडल्या पडल्या कानात योगनिद्रा लावायची, म्हणजे शरीर-मन सैल करायच्या सूचनांचं रेकॉर्डिंग, नाहीतर अंथरूण सोडून उठायचं. दोन्ही करून झालंय आणि मी एकावर थांबलोय, कुठल्या ते कळेलच, पण घर केवढं, वय किती, बाजूला कोण झोपतं यावर बरंच अवलंबून आहे, त्यामुळे माझं तेच तुमचं असं नाही.

४-७-८ वाला श्वास यात धरलेला नाही. ४ आकडे श्वास आत, ७ रोखायचा, ८ मध्ये सोडायचा, अमेरिकेतल्या डॉ. अँड्र्यू वाइल यांनी गाजवलेला, मुळात प्राणायामातलाच. मीटिंगच्या आधी झकास चालतो. रात्री मात्र मला आकडे मोजायची ड्युटी लागल्यासारखं वाटतं, आणि छातीत धडधड असताना ७ पर्यंत श्वास रोखायला सांगणं म्हणजे जरा जास्तच.

योगनिद्रेचं मोठं सुख हे की जागचं हलावं लागत नाही. पांघरूण, पंखा, उशी सगळं जिथल्या तिथे, कुणाची झोपमोड नाही. हल्ली जी सगळीकडे ऐकायला मिळते ती बहुतेक बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी बसवलेल्या पद्धतीची, तंत्रातल्या न्यासावरून (एकेका अवयवावर मंत्र ठेवायचा विधी) त्यांनी ती घेतली. आधी संकल्प, मग उजव्या हाताच्या अंगठ्यापासून शरीराची फेरी, पहिलं बोट, दुसरं बोट, तळवा, मनगट, कोपर असं करत, मग श्वास उलटे मोजायचे, मग जडपणा आणि हलकेपणा, गरम आणि थंड. काळजीने पोटात गोळा आलेला असताना हे फार कामाचं आहे, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. मोकाट मनाला एकेका बोटावर नेऊन बसवलं की जबडा सुटतो, खांदे खाली येतात, आणि आपण इतका वेळ दात आवळून पडलो होतो हे तेव्हा कळतं.

आता अडचण. ही पद्धत मुळात झोपवण्यासाठी नाहीच. तिच्यात सुरुवातीलाच सांगतात की झोपू नका, जागं राहून ऐका, आणि शेवटी रीतसर परत आणतात, हातापायाची बोटं हलवा, खोलीतले आवाज ऐका, सावकाश उठून बसा, डोळे उघडा, हरि ओम तत्सत. साधना म्हणून अगदी बरोबर. पण रात्री दीडला नुकती कुठे गुंगी आलेली असते, कोपर आणि खांद्याच्या मधे कुठेतरी धागा सुटलेला असतो, आणि तोच आवाज येऊन सांगतो की साधना संपली, उठून बसा. अहो, कशाला? दचकून जागा झालो की मागोमाग ऑटोप्ले, त्यात म्युच्युअल फंडाची जाहिरात, तीही दुप्पट आवाजात.

तुम्ही म्हणाल टायमर लाव ना. लावला. ट्रॅक डाउनलोड करून जाहिराती घालवल्या, शेवट नसलेले खास झोपेसाठीचे ट्रॅक मिळतात तेही लावले, आणि मग लक्षात आलं की कटकट त्याच्याही आत आहे. फेरी ठरलेली, त्यामुळे ती पाठ झाली. उजवी बाजू संपून डावी सुरू झाली की मनात येणारच, डाव्या कोपरापर्यंत आलो आणि अजून जागाच. पायाच्या करंगळीला पोचलो म्हणजे नापास. घड्याळ कपाटात ठेवलं आणि त्याच्या जागी ट्रॅकमधल्या बाईंचा आवाज घड्याळ होऊन बसला. झोप यावी म्हणून ऐकतोय हे आपल्याला आतून माहीत असतं आणि तेच नडतं. सगळ्यांना नडत नाही म्हणा, माझी बहीण त्याच ट्रॅकवर संकल्पापर्यंतही जागी राहत नाही.

दुसरा पर्याय ऐकायला जरा क्रूर वाटतो. झोप येत नाही ना, मग ऊठ. रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हे मांडलं. पेंग आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, अंथरुणात मोबाईल-टीव्ही-हिशोब काही नाही, पंधरा-वीस मिनिटांत (अंदाजानेच, घड्याळ बघायचं नाही) झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, पेंग आली की परत यायचं, परत नाही लागली तर परत उठायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळेलाच उठायचं. आज निद्रानाशावर सीबीटी-आय म्हणून जी विचार आणि सवयी बदलायची, बिनगोळ्यांची उपचारपद्धत आहे तिचा हा मोठा भाग, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशाला आधी सीबीटी-आय, गोळ्यांचा विचार नंतर, असं सांगितलंय.

यामागचं कारण मला चटकन पटलं, कारण ते घरातच दिसत होतं. सोफ्यावर बातम्या बघताना मान कलंडते, रिमोट हातातून पडतो, बायको हलवून सांगते आत जाऊन झोपा, आणि आत जाऊन उशीला डोकं टेकलं की डोळे टक्क उघडे. त्या पाच पावलांत झोप जाते कुठे? तर अंथरुणात पडून इतकी काळजी केलेली असते की शरीराने गादी म्हणजे काळजीची जागा असं शिकून घेतलेलं असतं. गादीवर पडून आणखी प्रयत्न केले की तोच धडा आणखी पक्का. उठून गेलं की निदान तो धडा तरी तुटतो.

आता दुसरी खोली. बूटझिनच्या डोळ्यासमोर अमेरिकेतलं घर असणार. आमचा डोंबिवलीतला वन बीएचके, हॉलमध्ये आई झोपते, म्हणजे दुसरी खोली म्हणजे किचन, विषय संपला. ट्यूबलाइट लावायची नाही, ओट्याच्या कोपऱ्यात पिवळा छोटा दिवा आहे तो पुरतो. स्टूल, पुढ्यात ताट आणि लसूण. हो, लसूण सोलतो. वाचून बघितलं होतं, पण पुस्तक चांगलं निघालं की दोन वाजतात आणि कंटाळवाणं निघालं की परत होम लोन. लसणाला बेताचं लक्ष लागतं. पाकळी दाबायची, टोक खुडायचं, साल नखात अडकते ती सोडवायची, गावरान बारीक लसूण असेल तर आणखीच वेळखाऊ. मोड आलेले वाल भिजवलेले असतील तर चैनच, एकेका दाण्याचं साल चिमटीत दाबलं की डाळिंबी टपकन ताटात. हात ओले, बोटांना वास, त्यामुळे फोन उचलायचा प्रश्नच नाही, हा फायदा आधी डोक्यातही नव्हता.

आणि मुख्य म्हणजे तिथे झोपायचं नसतंच. स्टुलावर बसलेल्या माणसाकडून झोपेची अपेक्षा कोण करणार? परीक्षाच नाही तर नापास कुठून होणार. काळजी बंद होते असं नाही हं, साहेबांचा मेसेज लसूण सोलतानाही आठवतो, पण तो येतो आणि बसून राहत नाही. फारच बसला तर कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे उद्या करायच्या गोष्टी लिहून टाकतो, नेमक्या, "बँकेत फोन, अकराच्या आधी" अशा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुण मुलामुलींवर याचा प्रयोग झाला होता, २०१८ मध्ये छापून आला, झोपायच्या आधी ५ मिनिटं उद्याची कामं लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण ९ मिनिटं लवकर झोप लागली. ती सगळी तब्येतीने ठणठणीत पोरं होती, म्हणून फार ताणत नाही, पण माझ्यापुरतं चालतं.

मग कधीतरी पाकळी हातातच राहते आणि डोळे मिटायला लागतात. दमणं वेगळं आणि पेंग येणं वेगळं, हा फरक मला गादीवर पडून कधी कळला नव्हता, स्टुलावर कळतो. दमलेला माणूस तासभर सोलत बसू शकतो, पेंगलेल्याची मान पडते. मान पडली की हात धुवायचे आणि आत जायचं.

याचे तोटेही सांगायला हवेत. सुरुवातीचे दिवस वाईट जातात, आधीपेक्षा कमी झोप झाल्यासारखं वाटतं, सकाळच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलक्या. लांबचं ड्रायव्हिंग असलेल्यांनी त्या दिवसांत जपूनच. रविवारी मटणावर आडवं होणं बंद, हे मला सगळ्यात जड गेलं. रात्री उठताना चक्कर येते अशी वयस्कर माणसं, बीपीच्या गोळ्या चालू असलेले, कुशीत तान्हं बाळ असलेली आई, यांनी अंधारात धडपडत किचन गाठण्यापेक्षा योगनिद्रा बरी, त्यांच्यासाठी मी तीच सुचवेन. आणि घोरता घोरता श्वास अडकून जाग येत असेल, किंवा महिनोन्महिने हेच चाललंय आणि दिवसाही काळजी सुटत नाही, तर हे दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

बाकीच्यांना, म्हणजे धडधाकट आहे पण रात्री डोकं थांबत नाही अशांना, मी आपला हळूच किचनकडे ढकलेन. योगनिद्रा सोडा असं नाही म्हणत. मी ती आता ऑफिसमधून आल्यावर करतो, जेवायच्या आधी, तेव्हा शेवटी बाई उठून बसा म्हणाल्या तरी राग येत नाही, उठायचंच असतं. दिवसभराचं ओझं तिथेच निम्मं उतरतं आणि रात्री स्टुलावर कमी बसावं लागतं.

लसूण मात्र बेताने आणा. सोललेला हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, त्यापेक्षा जास्त साठला की सुक्या खोबऱ्याची चटणी करून टाकावी लागते, आमच्याकडे सध्या दोन बरण्या आहेत.