हलकी बॅटरी

११८ ग्रॅम. रिमोटवर उडणाऱ्या माझ्या छोट्या विमानाची बॅटरी काट्यावर ठेवली तेव्हा आलेला हा आकडा. आणि तो बघून मला आनंद झाला होता, हे आधीच कबूल करतो.

मी हुपरीचा, चांदीकाम करतो. पैंजणाच्या जोडात दोन ग्रॅमचा फरक आला तरी आमच्याकडं हिशोब पुन्हा लागतो, आणि टंच काढल्याशिवाय चांदी घेत नाही, सख्ख्या मेव्हण्यानं आणली तरी. असल्या माणसाला वजनातच गंडवलं, म्हणून हे सांगायला लाज वाटते. पण परवा एका ओळखीच्या पोराला तसलाच मोटर-बॅटरीचा सेट तशाच गोड भाषेत कुणीतरी दाखवला, तेव्हा गप्प बसवेना.

विमान बाल्साचं, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचं. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १२०० मिलिमीटर, अंगाच्या वर बसवलेला, शिकाऊ माणसाला झेपेल असा. तीन महिने दुकान बंद झाल्यावर रोज तासभर बसलो. ३ मिलिमीटरच्या शीटमधनं रिब, म्हणजे पंखाच्या फासळ्या, कापल्या, सगळ्या एकावर एक ठेवून टाचण्यांनी गच्च धरल्या आणि एकदम घासल्या, म्हणजे एकीचाही उंचवटा वेगळा नको. प्रत्येक रिब काट्यावर गेली. जड बाल्सा शेपटीकडं नको, कारण शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाकात तीन-चार घालावे लागतात. कव्हरिंग फिल्म इस्त्रीनं चढवताना मात्र मजा आली. झाळणाची सवय असलेल्या हाताला उष्णता कळते. सुरकुती कुठं पळणार ते आधी दिसतं. वरून पिवळी, खालून लाल, आणि शेपटीजवळ एक काळी पट्टी. ती जरा तिरकी गेली. काढून परत लावायचा कंटाळा केला.

राहिली मोटर आणि बॅटरी. इथंच घाई नडली. विमान टेबलावर तयार दिसतंय आणि उडत नाही, ही अवस्था फार वाईट. व्हॉट्सॲपवर एकजण भेटला. म्हणाला, "दादा, मी स्वतः उडवतो, वेगवेगळं घेऊ नका, मॅच केलेला सेट देतो." २२१२ मापाची १००० केव्हीची मोटर (केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे), मोटरचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी, दोन प्रॉप म्हणजे पुढचे पंखे, आणि ३ सेलच्या २२०० एमएएचच्या दोन लायपो बॅटऱ्या (एमएएच म्हणजे वीज किती मावते त्याचं माप). सगळं मिळून ७,२०० रुपये. वर चार्जर फुकट. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी लागेल, उगाच कशाला. मी यूपीआयनं पैसे टाकले. रक्कम एवढी कमीही नव्हती की संशय यावा. उलट बाजारभावाच्या आसपासच होती, आणि त्यामुळंच मी निर्धास्त होतो.

पार्सल आलं. बॅटरी काट्यावर ११८ ग्रॅम भरली. नकाशात बॅटरीचं वजन १८० लिहिलेलं. मी बायकोला म्हणालो, "बघ, ६२ ग्रॅम वाचले." मग विमान बोटांवर तोलून बघितलं तर शेपूट खाली! पंखाची रुंदी २०० मिलिमीटर, तोल पुढच्या कडेपासून ५५ ते ६०वर यायला हवा. तो आणायला नाकात गळाचं ४० ग्रॅम शिसं कोंबलं. बरोबर बांधलेल्या विमानाला शिसं लागायचं कारण नव्हतं. एवढा धडधडीत पुरावा हातात असताना मी शिशाचा तुकडा तासत बसलो होतो.

दुसरी खूण चार्जरनं दिली. तो तीन दिव्यांचा, लाल दिवे हिरवे झाले की बॅटरी भरली. किती एमएएच आत गेले, काही दाखवत नाही. असल्या लहान चार्जरला २२०० भरायला अडीच तासांच्या पुढं लागायला हवेत. माझी दीड तासात हिरवी. मी म्हटलं, नवी आहे, चटकन घेते. आता कळतं की तो चार्जर फुकट का होता.

पहिलं उड्डाण गावाबाहेरच्या पडीक रानात. टायमर सहा मिनिटांचा लावला. २२००च्या हिशोबानं त्यात मोप शिल्लक राहायला हवी होती. विमान हातातनं सुटलं आणि असं अलगद चढलं की... जाऊ दे. चौथ्या मिनिटाला वळणावर मोटर बसली. सेलचं व्होल्टेज पडलं की ईएससी मोटर तोडतो, ते त्याचं कामच. उंची कमी, वारा मागचा, खाली ऊस. तोडणीला आलेला, माणसाच्या वर गेलेला ऊस. दोन तास पाती अंगावर ओरखडून घेतली, सापडलं नाही. तीन दिवसांनी ऊसतोड टोळीतल्या एका पोरानं आणून दिलं, डावा पंख मुळापासून तुटलेला.

विकणाऱ्याला कळवलं. पहिलं उत्तर, "तुम्ही जास्त पिळली दादा." दुसरं उत्तर मला अजून पाठ आहे: "लायपो म्हणजे दूध, कधी नासेल सांगता येत नाही." तिसऱ्याला त्यानं मला ब्लॉक केलं होतं.

इचलकरंजीच्या एका मास्तरांकडं आकडे दाखवणारा चार्जर आहे. दुसरी, न उडवलेली बॅटरी त्यांनी पूर्ण भरून, उतरवून बघितली: ११५० एमएएच. त्यांनी काटाही मागितला नाही, हातात घेऊनच म्हणाले, "ही २२००ची नव्हे." ३ सेलची खरी २२०० साधारण १६० ते १९० ग्रॅम भरते. मग वरचं प्लॅस्टिकचं आवरण जपून सोललं. (सेलला पातं लागलं तर आग लागते, हे घरी करू नका, आम्ही अंगणात, वाळूची बादली शेजारी ठेवून केलं.) आत जुनं आवरण, त्यावर १३००. त्याच्यावर मार्करनं कुणीतरी घातलेला नंबर, म्हणजे वापरून टाकलेली. आणि लांबी २२००एवढी दिसावी म्हणून टोकाला कागदी टेपात गुंडाळलेला फोमचा तुकडा. चांदीत शिसं भरणारे बघितलेत मी, पण फोम!

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल नाही, पत्ता नाही, पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव अर्धवट. त्यामुळं आता काही घ्यायचं तर मी आधी बॅटरी काट्यावर ठेवून काढलेला फोटो मागतो, पार्सल फोडताना व्हिडिओ घेतो, आल्याआल्या प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघतो. नव्या बॅटरीत ते ३.८च्या आसपास आणि तिन्हींत सारखं असावं. काट्याचा फोटो मागितल्यावर दोघांनी उत्तरच दिलं नाही. मला तेवढं उत्तर पुरलं.

पंख दुरुस्त झालाय, शिसं काढून टाकलंय, खऱ्या बॅटरीवर तोल आपोआप बसला. एक गोष्ट राहिली. उड्डाणाच्या आदल्या रात्री मी त्या माणसाला कौतुकानं विमानाचे फोटो पाठवले होते, 'तुमच्यामुळं पूर्ण झालं' असं लिहून. गेल्या महिन्यात नव्या नंबरवरची एक जाहिरात माझ्यापर्यंत फिरत आली: 'समाधानी ग्राहकाचं विमान, सेट आमचा.' पिवळं विमान, आणि शेपटीजवळ तिरकी गेलेली काळी पट्टी. तो फोटो दिसला तर विमान माझं आहे, आणि सेट कुणाचा ते तुम्हाला आता माहीत आहे.