सीपीयूकोटा की सीपीयूवेट?

बॅकअपची सर्व्हिस सुरू झाली की अख्खा सर्व्हर रेंगाळतो. लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीत (systemd) यावर दोन उपाय आहेत: सीपीयूकोटा (CPUQuota) आणि सीपीयूवेट (CPUWeight).

सीपीयूकोटा ही पक्की मर्यादा. २०% लिहिलं की दर १०० मिलिसेकंदांत सर्व्हिसला २० मिलिसेकंदच मिळतात. तेवढे वापरून झाले की ती थांबते, मग प्रोसेसर रिकामा का असेना. हे टक्के एका कोअरचे, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र भागाचे असतात, हे बरेच जण विसरतात. चार कोअरच्या मशीनवर ५०% म्हणजे जेमतेम एक अष्टमांश, आणि दोन कोअर पूर्ण द्यायचे तर २००% लिहावं लागतं. शिवाय सर्व्हिसचे चार थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) चार कोअरवर एकदम धावले तर २०% चा तो २० मिलिसेकंदांचा वाटा पाच मिलिसेकंदांतच संपतो आणि पुढचे ९५ मिलिसेकंद सगळं ठप्प. वेब रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या सर्व्हिसला हे फार बाधतं.

सीपीयूवेट म्हणजे वाटणीतलं वजन; ते फक्त प्रोसेसरसाठी ओढाताण असेल तेव्हाच लागू होतं. आकडा १ ते १००००, काहीच न लिहिल्यास १००. बॅकअपला २० दिलं, तर त्याच स्लाइसमधल्या (सिस्टमडीने केलेल्या गटातल्या) १०० वाल्या सर्व्हिसशी प्रोसेसरची वाटणी साधारण एकास पाच होते. दुसरं कुणी मागत नसेल, तर बॅकअप सगळा प्रोसेसर वापरतो आणि लवकर आटोपतो.

म्हणून माझी पहिली पसंती वेटलाच. मशीन तापत असेल किंवा ग्राहकाला ठरावीक कोअरच द्यायचे असतील, तरच कोटा लावा. दोन्ही एकत्रही चालतात, आणि सिस्टमसीटीएल सेट-प्रॉपर्टी (systemctl set-property) या कमांडने बदलल्यास सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागत नाही.