दुकान बंद होतंय, म्हणून बस्ता तिथेच बांधायचा का?

पेठेतल्या जुन्या कापड दुकानावर 'दुकान बंद करणे आहे, सर्व माल सवलतीत' असा फलक लागला की दुसऱ्या दिवसापासून आसपासच्या खेड्यांतली माणसं यायला लागतात. सोयाबीन मोंढ्यावर जाऊन हातात पैसे आलेले असतात, तुळशीचं लग्न लागलं की तिथी सुरू होणार असतात. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना वाटतं, सगळा बस्ता इथेच उरकावा. शेजारी सांगतात, पडून राहिलेला माल आहे, नादी लागू नका. माझं म्हणणं असं की निर्णय दुकानाकडे बघून घेऊच नये, एकेका जिनसाकडे बघून घ्यावा. एकाच दुकानातली सतरंजी निःशंक घ्यावी आणि तिथलाच नवरदेवाचा कोट सोडून द्यावा, असं बहुतेक वेळा निघतं.

तुलना तिघांची आहे: खरोखर बंद होणारं दुकान, बाजारातलं चालू दुकान, आणि मंगल कार्यालयात चार दिवसांसाठी लागणारा सेल. लातूरला गंजगोलाईजवळची कापड लाइन असो की छत्रपती संभाजीनगरची गुलमंडी, हिशोब सारखाच लागतो.

आधी दुकान खरंच बंद होतंय का ते बघा

बंद होणाऱ्या दुकानातला माल मोडका असतो. शर्ट 38 आणि 44 मध्ये मिळेल, मधलं 40-42 संपलेलं असेल. चादरीच्या एका डिझाइनचे दोनच नग, पडद्याचे तीनच. असा तुटक माल दिसला तर समजा की रिकामं करणं खरं आहे. उलट प्रत्येक साइज भरलेली, एकाच साडीचे रंगवार ढीग आणि दर दोन-चार दिवसांनी नवी गाठ उतरतेय, तर तो माल सेलसाठीच मागवलेला आहे. दुसरी खूण म्हणजे रॅक, काउंटर, आरसे, पुतळे विकायला काढलेत का हे विचारा. ज्याला खरंच दुकान उठवायचं आहे तो फर्निचरचा भावही सांगतो.

मंगल कार्यालयातल्या सेलला माझ्या यादीत शेवटची जागा आहे. 'कारखाना बंद पडला, माल फुंकायचा आहे' हा तोच फ्लेक्स गावोगाव फिरतो. कापड हातात घेऊन नीट बघायला उजेड पुरत नाही, बिलावर बहुधा नुसता शिक्का असतो, आणि पाचव्या दिवशी तिथे दुसऱ्याचं लग्न लागलेलं असतं. शेतात घालायचा शर्ट, पोरांच्या रोजच्या चड्ड्या, पायपुसणी एवढ्यापुरतं जायला हरकत नाही. देण्याघेण्याच्या एकाही वस्तूसाठी जाऊ नये. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये फसव्या जाहिरातीविरुद्ध तरतूद आहे, पण तक्रार कुणाविरुद्ध करायची त्याचा पत्ताच हातात नसेल तर कायदा तरी काय करणार?

भाव कसा ताडायचा

'पन्नास टक्के सूट' यातलं पन्नास टक्के कशातून, हे जुन्या दुकानात कळणं अवघड असतं. तिथे वर्षानुवर्षं भाव बोलून ठरत आला. चिठ्ठीवर खरेदीची किंमत अक्षरांच्या खुणेत लिहिलेली असते आणि ती गल्ल्यावरच्या माणसालाच वाचता येते. सेलसाठी लावलेली नवी चिठ्ठी म्हणजे जुना भाव नव्हे. म्हणून टक्का सोडा, शेवटचा आकडा धरा. आधी चालू दुकानात जा, तशाच चादरीचा, त्याच कंपनीच्या सुटिंगचा प्रति मीटर शेवटचा भाव विचारून वहीत लिहा, मग बंद होणाऱ्या दुकानाची पायरी चढा. हा क्रम उलटा झाला की डोळ्यांपुढे फक्त सूट राहते.

चालू दुकानाच्या भावात काही गोष्टी न बोलता धरलेल्या असतात. बस्ता मोठा असेल तर एकूण रकमेवर सूट मिळते. चार साड्या घरी नेऊन म्हाताऱ्या माणसांना दाखवता येतात. नवऱ्या मुलीला रंग पसंत पडला नाही तर बदलून मिळतो. ओळखीचं दुकान असेल तर थोडी रक्कम मागाहून देता येते. या सोयींची किंमत पैशांत काढा. बंद होणाऱ्या दुकानातला फरक किरकोळ असेल तर चालू दुकानच स्वस्त ठरतं.

कराचंही एक गणित आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्याच्या एका नगाची विक्री किंमत 2500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्यावर गेली तर 18 टक्के. ही किंमत सूट वजा झाल्यानंतरची धरतात. 3000 रुपयांचं जाकीट 20 टक्के सुटीनं 2400 ला आलं तर त्यावर 5 टक्केच लागायला हवेत. बिलात 18 लावलेले दिसले तर तिथेच विचारा. साडी आणि थानावरचं कापड मात्र कितीही महाग असलं तरी 5 टक्क्यांतच येतं. छोटं दुकान कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी पद्धत) असेल तर त्याला ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही.

कोणता जिन्नस कुठून

इथे मला सविस्तर सांगायचंय, कारण पैसे वाचतात ते इथेच आणि बुडतातही इथेच.

घरात लागणाऱ्या सुती वस्तू बंद होणाऱ्या दुकानातून घ्या. सतरंजी, जाजम, सोलापुरी चादर, पंचे, टॉवेल, उशीचे अभ्रे, गादीचं टिकिंग, परकराचं कापड, अस्तर. सुती कापड कोरड्या जागी घडी करून ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. त्याला साइजची अडचण नाही आणि फॅशन बदलली तरी सतरंजी सतरंजीच राहते. फक्त घडी पूर्ण उलगडा. घडीच्या रेषेवर पिवळा पट्टा आहे का बघा, त्या रेषेवर दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. कापड चरचरलं तर सोडा. काचेत मांडलेल्या चादरीची एक बाजू उन्हानं उडालेली असते, तो नग भाव पाडून मागा किंवा सोडा. सोलापुरी चादर उलटून बघा: खऱ्या जेकार्ड विणीत नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, रंग अदलाबदल झालेले असतात. एकाच बाजूला छापलेली नक्षी असेल तर तिला सोलापुरीचा भाव देऊ नका.

बेडशीट घेताना घरून टेप न्या. वेष्टनावर 'डबल' लिहिलेलं असतं, आत 90 बाय 100 इंचांऐवजी कमी निघतं. सहा बाय साडेसहा फुटांच्या पलंगावर जाड गादी असेल तर 108 बाय 108 चीच घ्या, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं हे धरून. टेप नऊवारीलाही लावा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, त्याहून आखूड लुगडं उंच बाईला नेसता येत नाही.

थानावरचं शर्टिंग-सुटिंग हा दुसरा फायद्याचा जिन्नस. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारल्याशिवाय मात्र भाव ठरवू नका. पूर्ण बाहीच्या शर्टाला 58 इंची पन्ह्यात 1.6 मीटर पुरतं, 36 इंची पन्ह्यात सव्वादोन मीटर लागतं. जुन्या दुकानात अरुंद पन्ह्याची थानं पडून असतात, त्यांचा मीटरचा भाव स्वस्त वाटतो आणि शर्ट महाग पडतो. 2026 सारख्या वर्षी, 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ येतो तेव्हा, धोंड्याच्या जेवणाला जावयाला द्यायचे पँट-शर्ट पीस आधीच्या सेलमधून घेऊन ठेवणं शहाणपणाचं. जावयाच्या मापाचा प्रश्न शिंप्याकडे सुटतो.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी मी स्वतः अशा दुकानात जातो. नव्या शोरूममध्ये न मिळणारा माल: धोतरजोड्या, इरकली लुगडी, खणाचं कापड, जाडाभरडा पंचा. नेसणारी माणसं कमी झाली तशी नव्या दुकानांनी हा माल ठेवणं सोडलं. घरात लुगडं नेसणारी आजी असेल तर तिच्यासाठी दोन-तीन घेऊन ठेवा, सूट कमी मिळाली तरी. पुढच्या वर्षी दुप्पट पैसे घेऊन फिरलात तरी ते दुकान तिथे नसेल.

आता काय टाळायचं. ज्यात रबर, इलॅस्टिक किंवा फोम आहे ते सगळं. लेगिंग, अंतर्वस्त्रं, मोजे, इलॅस्टिक लावलेल्या फिटेड चादरी. इलॅस्टिक न वापरताही वयानं मरतं, ताणलं की परत येत नाही. रेक्झिनची पाकिटं आणि बॅगा पापुद्रे सोडतात, रेनकोट घडीला चिकटतात. तयार शर्टाच्या कॉलरमधलं फ्युजिंग, म्हणजे आत चिकटवलेलं कडक अस्तर, जुनं झालं की धुतल्यावर फुगे येतात आणि ते इस्त्रीनं जात नाहीत. लोकरीच्या शाली उजेडासमोर धरा, कसरीची बारीक भोकं दिसतील.

रेशमाचं प्रकरण सर्वांत नाजूक. जरीची साडी एकाच घडीत वर्षानुवर्षं राहिली तर घडीवर जर तुटते आणि काळी पडते. पैठणी म्हणून दाखवतील तर पदराची मागची बाजू बघा. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्हीकडून जवळजवळ सारखा दिसतो, यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे, कापलेले धागे लोंबतात. केंद्रीय रेशीम मंडळाच्या उपक्रमाचं सिल्क मार्क लेबल नसेल तर काठातला एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा: रेशीम केस जळल्याचा वास देतं आणि राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. दुकानदार धागा द्यायला तयार नसेल तर शालूचा विषय तिथेच थांबवा. नवरीचा शालू, नवरदेवाचा कोट, शेरवानी चालू दुकानातूनच घ्या. या वस्तू आल्टर कराव्या लागतात, बदलाव्या लागतात आणि त्यासाठी दुकान उघडं असावं लागतं.

आहेराचा कपडा

यात बहुतेक घरं गोंधळतात. टॉवेल-टोपी, उपरणी, ब्लाउज पीस यांचा ढीग लागतो आणि बंद होणाऱ्या दुकानात तो खूप स्वस्त पडतो. पण मानपानाची यादी लग्नाच्या आदल्या रात्रीपर्यंत वाढत-घटत असते. चालू दुकान न उघडलेले उरलेले नग बहुधा परत घेतं, बंद झालेलं कसं घेणार? म्हणून जी नावं पक्की आहेत तेवढ्यांचा आहेर सेलमधून घ्या आणि वरची अनिश्चित संख्या चालू दुकानातून आणा. आहेराच्या साड्या मात्र सगळ्या एकाच ठिकाणाहून. चुलत्यांच्या घरात एकीला जरा भारी आणि एकीला हलकी साडी गेली तर ती गोष्ट पुढची दहा वर्षं निघते, आणि मोडक्या मालात सारख्या तोलाच्या वीस साड्या मिळत नाहीत.

ऑनलाइनबद्दल थोडक्यात: परत करता येतं हा मोठा आधार आहे, पण कापडाचा पोत आणि रंग फोटोत कळत नाही. पडद्याच्या रॉड, मच्छरदाणी यासाठी ठीक.

बिल, उधारी आणि आगाऊ रक्कम

बंद होणाऱ्या दुकानातही पक्कं बिल मागा. बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, या दोन्ही गोष्टी 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहेत. बिलावर माल परत घ्यायची मुदत नसेल तर सदोष मालासाठी 30 दिवस धरले जातात. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा शिक्का फाटक्या मालाला लागू होत नाही. रंग आवडला नाही म्हणून मात्र हक्क सांगता येत नाही. शटर पडलं तरी मालकाची जबाबदारी संपत नाही. तक्रारीला 2 वर्षांची मुदत आहे, ती तुमच्या स्वतःच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी 1915 या हेल्पलाइनवर फोन करा. तरीही हे सगळं धावपळीचं काम आहे, म्हणून काउंटरवरच घडी उलगडून बघणं सोपं. बिलावर मालकाचं नाव आणि पत्ता वाचता येईल असा आहे ना, तेवढं तपासा.

जायचं कधी? सुरुवातीला सूट कमी आणि निवड भरपूर, शेवटी उलट. सतरंज्या, चादरी, आहेराचं सामान पहिल्या आठवड्यातच घ्या, कारण चांगलं सुती कापड आधी उठतं. कटपीस, अस्तर, परकराचं कापड शेवटच्या दिवसांसाठी ठेवा. तेव्हा उरलेला ढीग उक्ता मागता येतो.

त्या दुकानात तुमची जुनी उधारी असेल तर खरेदीआधी ती मिटवा. खळं होईपर्यंत थांबणारी दुकानं आपल्याकडे होती म्हणून कित्येक घरांची लग्नं वेळेवर लागली, तेवढं देणं आपण लागतो. आणि दर महिन्याला पैसे भरायच्या साडी योजनेत तुमची रक्कम तिथे जमा असेल तर सेलच्या पहिल्याच दिवशी जाऊन तिचा माल उचला. नवी आगाऊ रक्कम मात्र देऊ नका. 'पुढच्या आठवड्यात नग येतोय' असं बंद होणाऱ्या दुकानात कुणी म्हणालं तर पैसे देण्याआधी विचारा, दुकान उठवायचं आहे तर नवा नग कशासाठी येतोय?