सातबारा पाहिला होता मी

मी आर्वी तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये काट्यावर असतो. कापसाची गाडी आली की भरलेलं वजन, रिकामं वजन, काटापट्टी. पाच किलोचा फरक आला तरी गाडी परत काट्यावर घेतो. असा माणूस जमिनीत 1,90,000 रुपये घालवून बसला, म्हणून हे लिहितो आहे.

डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि आमच्याकडे ज्याच्या-त्याच्या तोंडी प्लॉट आला. रस्त्याला दोन्हीकडून कुंपण आहे, इंटरचेंजशिवाय वर चढता येत नाही, मग नुसतं शेजारून रस्ता गेल्यानं वावराला सोन्याचा भाव कसा येईल? हा प्रश्न आज सुचतो. तेव्हा सुचला नाही.

मला नेणारा माणूस बाहेरचा नव्हता, बायकोचा मावसभाऊ. रविवारी गाडी दारात आली. जागेवर रंगवलेली कमान, सिमेंटचे खांब, चुन्यानं आखलेले रस्ते. (चुना कोणाला लागतो आहे, ते नंतर कळलं.) नकाशात निम्म्या चौकोनांवर लाल टिकल्या, म्हणजे विकलेले. माझा नंबर 17. दीड हजार चौरस फूट, 220 चा भाव, एकूण 3,30,000. इसार 50,000, मग महिन्याला 20,000, सगळं रोख. जमिनीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे, हे मला ठाऊक नव्हतं. लेआउटवाल्याला नक्कीच ठाऊक असणार. पावती म्हणून तो डायरीत सही करायचा.

खरेदीखत कधी, असं विचारलं तर म्हणायचा, ‘‘काहून घाई करता भाऊ? एनएची, म्हणजे बिनशेतीची, फाईल टेबलावरच आहे. जमीन काय पयून जाते काय?’’

सातबारा मी मागितला होता, त्यानं दिलाही. शेतकऱ्याचं नाव पाहिलं, गट नंबर पाहिला, घडी घालून कपाटात ठेवला. बायको म्हणाली, तलाठ्याला दाखवून या. मी म्हटलं, तुझ्याच भावानं आणलंय ना! ती गप्प बसली. ते गप्प बसणं मला अजून आठवतं.

सात हप्ते गेले. 2023 च्या तान्ह्या पोळ्याला पोराचा लाकडी नंदी मिरवून झाला आणि त्याला आपला प्लॉट दाखवायला घेऊन गेलो. कमान होती. आत खांब उपटून धुऱ्यावर रचलेले आणि सगळीकडे तूर. एक म्हातारा शेतकरी निंदणाऱ्या बायांना पाणी देत होता. मी म्हटलं, बाबा, हा प्लॉट माझा आहे.

तो चिडला नाही. म्हणाला, ‘‘तुम्ही चौथे. हे वावर माह्या बापाले सिलिंगमधे, सरकारनं जादा जमीन वाटली त्यात, भेटलं. वर्ग दोनचं आहे, कलेक्टरच्या परवानगीबिगर विकता येत नाही. मी त्या लेआउटवाल्याले सांगतलं होतं. तो म्हणे, परवानगी मी आणतो, तुम्ही इसार घ्या.’’

घरी येऊन सातबारा काढला. नावाच्या वरच छापलेलं होतं, भोगवटादार वर्ग 2. आठ महिने ते कपाटात होतं.

तलाठ्यानं बाकीचं दोन मिनिटांत सांगितलं. एनएचा आदेश नाही, रेखांकन मंजूर नाही, महारेराचा, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांची नोंद करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर नाही. 500 चौरस मीटरच्या वरच्या लेआउटमध्ये प्लॉट विकायला काढायचे तर तो नंबर आधी लागतो. जमीन वर्ग 1 ची असती तरी जिरायतीला त्या वेळी 20 गुंठ्यांची अट होती आणि माझा तुकडा दीड गुंठ्याच्याही आतला. म्हणजे दुय्यम निबंधकाकडे खरेदी लागणारच नव्हती. माझ्याकडचं नोटरी केलेलं इसारपत्र, तेही शेतकऱ्याचं नव्हे, लेआउटवाल्याचं. स्वतःच्या नावावर नसलेली जमीन तो मला द्यायचं कबूल करत होता. त्यात ‘एनए न झाल्यास रक्कम परत’ असं आहे. कधी परत, ते नाही.

म्हणून प्लॉट घेणाऱ्यांना एवढंच सांगतो: सातबारा दलालाच्या हातून घेऊ नका. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकून स्वतः काढा. भोगवटादार वर्ग वाचा, इतर हक्काचा रकाना वाचा, तिथे बोजा असतो, वाटणीचे वाद असतात. एनए आदेशाचा क्रमांक घेऊन तहसीलला जाऊन विचारा. पैसे बँकेतून द्या आणि जमीन ज्याच्या नावावर आहे त्यालाच द्या. कोणी म्हणालं, कागद मागून होईल, तर पैसेही मागून होतील म्हणा.

लेआउटवाल्याच्या ऑफिसला आता कुलूप आहे. पोलिसांत अर्ज दिला. आधी दिवाणी मामला म्हणून परत पाठवलं, आम्ही सहा जण मिळून गेलो तेव्हा घेतला. मावसभावाला प्लॉटमागे 10,000 मिळाले होते. ते आणि पदरचे 30,000 असे 40,000 त्यानं दोनदा करून आणून दिले. आमच्या घरी आता चहा पीत नाही.

जानेवारीत त्या म्हाताऱ्याचा फोन आला, तूर निघाली, घेऊन जा म्हणून. पायलीभर दिली. सतरा नंबरच्या जागेवरची होती की नाही, ते काही मी विचारलं नाही.