मॅकवर ‘जी’ लावून मिळणारी लिनक्सची हत्यारं: कोअरयुटिल्स, सहा महिने वापरून

कर्वेनगरच्या घरी बसून मी दोन-तीन पतसंस्थांचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो. मुलीने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मॅकबुक माझ्याकडे सरकवला. "बाबा, टर्मिनल तेच आहे." दिसायला तेच.

एप्रिल उजाडला की बारा सेटिंग फायलींत आर्थिक वर्ष बदलायचं. ‘सेड -आय’ची एक ओळ (सेड म्हणजे मजकूर बदलणारी आज्ञा, -आय म्हणजे बदल त्याच फाइलमध्ये), दहा वर्षांची सवय. मॅकवर तीच मारली तर ‘इनव्हॅलिड कमांड कोड जे’. हा जे कुठला? फाइलचं नाव ‘जमा’ने सुरू होतं! मॅकचा सेड बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी या युनिक्स घराण्यातला, लिनक्सचा जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या घराण्यातला. -आयपुढे बॅकअपचं शेपूट सांगावंच लागतं. त्याने माझा बदलाचा हुकूम शेपूट म्हणून घेतला आणि फाइलच्या नावालाच हुकूम समजला. मग मी शहाणपणा करून मध्ये ‘पुढे हुकूम आहे’ असं सांगणारा ‘-ई’ घातला. चाललं. संध्याकाळी संस्थेतल्या ताईंचा फोन: "काका, बाराच्या चोवीस फायली कशा झाल्या?" प्रत्येकीची -ई शेपटीची जुळी बहीण सर्व्हरवर जाऊन बसली होती. चूक अर्थात माझ्या हाताची. पॉझिक्सच्या, म्हणजे युनिक्सच्या सामाईक मानकाच्या, नियमांत सेडला -आय मुळात नाहीच, दोन्ही घराण्यांनी आपापली चाल लावली आहे. आणि युनिक्सचं अधिकृत प्रमाणपत्र मॅकला २००७ सालीच मिळालेलं, त्यामुळे बोलायची सोय नाही.

तर होमब्रू या मॅकवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनावरून कोअरयुटिल्स हा रोजच्या आज्ञांचा संच घेतला. फुकट. जीएनयूची हत्यारं येतात, नावाआधी ‘जी’ लावून: जीएलएस, जीस्टॅट, जीडेट. कालची तारीख काढायला मॅकवर ‘-व्ही-१डी’ लिहायचं, ते माझ्या बोटांना मान्य नाही. जीडेटला ‘-डी यस्टरडे’ बिनतक्रार कळतं. डिस्कवरची जागा दाखवणारं जीडीएफही कामाचं. मॅकचं डीएफ ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत मोजतं, लिनक्सचं १०२४च्या, त्यामुळे पहिल्या दिवशी डिस्क दुप्पट दिसली आणि मी उगाच खूश झालो.

कुरबुर एकच, पण मोठी: ज्याच्यासाठी आलो तो सेड यात नाही. तो ‘जीएनयू-सेड’ नावाने वेगळा, यादी दुसऱ्या आज्ञेला पुरवणारा एक्सआर्ग्ज ‘फाइंडयुटिल्स’मध्ये, मजकूर शोधणारा ग्रेप आणखी तिसरीकडे. मीठ-मिरचीसाठी तीन दुकानं. एक तारा तिथे कापला, चार देतो.

पाथमध्ये, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, ‘जीएनयूबिन’ हे ‘जी’विना नावांचं फोल्डर पुढे ठेवलं की ‘जी’ गळून पडतो. पंधरा दिवस ठेवलं तसं, मग काढलं. तीच स्क्रिप्ट मुलीच्या लॅपटॉपवर चालवली आणि परत तो जे भेटला. ‘जी’ डोळ्यांसमोर असला की आपण पाहुणे आहोत हे लक्षात राहतं.

दोन्हीकडे जाणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आता ‘-आय.बॅक’ लिहितो, शेपूट चिकटवून. ते दोन्ही सेडना कळतं. फायली चोवीस होतातच. फक्त ताईंना आधी फोन करून ठेवतो.